सायलेंट हिल २: मेरीचं पत्र अचानक कोरं झालं, बग आहे का?

धुक्यातला_गणू:
जुना २००१ वाला हॉरर गेम पहिल्यांदाच खेळतोय. खरं सांगायचं तर गेममधली पुस्तकं, डायऱ्या मी वाचतच नाही, चावी कुठे आणि दार कुठलं एवढंच बघतो. आता हॉटेलात पोचलोय, सहज इन्व्हेंटरी (जवळच्या वस्तूंची यादी) उघडली तर हिरो जेम्सकडे सुरुवातीपासून जे बायकोचं, मेरीचं पत्र आहे ना, ते सरळ कोरं! कागद आहे पण अक्षर एक नाही. सेव्ह फाइल गंडली का? परत पहिल्यापासून खेळायला सांगू नका प्लीज.

अडगळ:
बग नाही रे, गेमच तसा आहे. मेरी आजारपणात तीन वर्षांपूर्वी गेली असं जेम्स स्वतःच सांगतो, मग तिचं पत्र आलं कुठून हा प्रश्न तुला पहिल्या पाच मिनिटांत पडायला हवा होता 😄 अक्षरं कागदावर होती की त्याच्या डोक्यात, एवढंच विचारतो, पुढचं सांगत नाही. अधूनमधून पत्र उघडून बघत जा.

शेवटची_गोळी:
वाचत नाही म्हणजे अर्धा गेम सोडतोयस. पहिल्या रेसिडेंट इव्हिल गेममधली रखवालदाराची डायरी घे, सुरुवात ९ मे १९९८, पत्ते खेळलो, नव्या प्राण्याला डुक्कर खायला घातलं, असलंच काहीतरी. मग अंगाला खाज सुटते आणि वाक्यं तुटायला लागतात, व्याकरण जातं, तारीख जाते, शेवटी उरतात दोन शब्द, खाज आणि चव. माणसाचा झॉम्बी करणारा व्हायरस काय करतो हे डायरीत कुठेच समजावलेलं नाही, माणूस भाषेतूनच संपत जातो. आणि वाचून होतं न होतं तोच त्याच खोलीतल्या कपाटातून झॉम्बी बाहेर येतो. मी कंट्रोलर टाकून दिला होता.

स्किपसम्राट:
ते भारी आहे, मान्य. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी वैताग आणलाय. दाराबाहेर राक्षस धडका मारतोय आणि हे महाशय डायरीत लिहितायत "तो आत आला, आआआ". अरे पेन ठेव आणि पळ! वर प्रत्येक टेबलावर चार पानं, भीतीच उतरते.

अडगळ:
@स्किपसम्राट हाहा, बरोबर. म्हणून अॅम्नेशिया गेममधली चिठ्ठी मला आवडते, तिथे लिहायला कारण आहे. त्यातल्या हिरोने, डॅनियलने स्वतःच स्वतःची स्मृती पुसलीये आणि जागं झाल्यावर वाचायला लिहून ठेवलंय, तारीख १९ ऑगस्ट १८३९, की किल्ल्याच्या मालकाला, अलेक्झांडरला मार. आपण निमूट निघतो. पुढे त्याच्याच डायऱ्या सापडत जातात आणि त्याने कैद्यांचे काय हाल केले ते कळतं, तेव्हा वाटतं ही पानं मिळालीच नसती तर बरं.

आणि गणू, दुसऱ्यांदा खेळशील तेव्हा पेट्रोल पंपाजवळ आणि हॉटेलच्या वाचनालयात एकेक पुस्तक मिळेल, पहिल्या फेरीत ती दिसतच नाहीत. एकात ही जमीन आधीपासूनच पवित्र मानायचे असं आहे. ती दोन पुस्तकं नि आणखी दोन वस्तू जमवल्या तर वेगळा शेवट मिळतो, त्यात जेम्स काय करायला निघतो ते बघच. ती मात्र स्किप करू नकोस.

धुक्यातला_गणू:
काल रात्री संपवला. मधेच पत्र बघायला गेलो तर लिफाफा पण गायब. दोन तास झोप नाही, आता पहिल्यापासून सुरू केलाय, पत्र आहे जागेवर, सगळी अक्षरं दिसतायत, पण वाचवत नाहीये.