डेक्सा तपासणीला जाताना: कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

‘हाडांची तपासणी करून घ्या’ असं डॉक्टरांनी लिहून दिलं की घरात पहिला प्रश्न येतो, म्हणजे नेमकं काय करतात? ज्यांचा या तपासणीशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथं लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय नेसून यावं, टेबलावर काय होतं, रिपोर्टात काय बघावं, कुठं चुकतं, एवढं सांगा.

एक्स-रे तंत्रज्ञ, राजारामपुरी
आधी नावाचा घोळ मिटवू. चिठ्ठीवर ‘बोन डेन्सिटी’, ‘बीएमडी’ किंवा ‘डेक्सा’ असेल तर ही हाडांची घनता मोजायची तपासणी. ‘बोन स्कॅन’ निराळी, तिच्यात शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. फोनवर वेळ घेताना ‘डेक्सा, कंबर आणि खुबा’ असं स्पष्ट म्हणा.

सुई नाही, उपाशी यायचं नाही, एमआरआयसारखा बोगदा नाही. उघड्या टेबलावर उताणं झोपायचं, वरून यंत्राचा हात सरकतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण जातात. हाड आणि मांस त्यांना कमी-जास्त अडवतात, त्या फरकातून हाडातल्या खनिजाचा हिशेब निघतो. किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. तरी दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगायचं.

मणक्यासाठी पिंढऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा ठेवतात, म्हणजे कंबर टेबलाला टेकते. खुब्यासाठी पाय आत वळवून पाऊल पट्ट्यानं बांधतात. हा आतला वळसा १५ ते २५ अंशांचा, आणि चूक बहुतेक इथंच होते. पाय नीट वळला नाही तर खुब्याची मान चित्रात आखूड दिसते आणि आकडा बदलतो. सांधा धरलेला असेल, पाय वळवताना कळ येत असेल तर तोंड मिटून सोसू नका, सांगा. दुसरा खुबा घेता येतो. रॉड किंवा कृत्रिम सांधा असलेला खुबा तर घ्यायचाच नाही. सगळं मिळून १० ते २० मिनिटं.

अस्थिरोग विभागातली सिस्टर
कपड्यांचं मी सांगते. कंबर ते मांडी या भागात धातू नको. साडीच्या निऱ्यांची सेफ्टी पिन, परकराचा हूक, पँटची चेन, चांदीचा करदोटा, कमरेला खोचलेली नाणी, खिशातली चुन्याची डबी, सगळं काढायचं. लांब मंगळसूत्र पोटावर येत असेल तर वर सरकवलं तरी चालतं. जोडव्यांना हात लावायची गरज नाही, ती चित्रात येतच नाहीत. मनगटाचं मोजमाप असेल तेव्हाच त्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात. नाडीची सलवार किंवा सुती गाऊन सगळ्यात सोयीचा.

कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून, २४ तास बंद. न विरघळलेली गोळी मणक्यावर आली की ती हाडातच मोजली जाते. दूध प्यायला हरकत नाही, गंगावेशीत धारोष्ण घेऊन आलात तरी चालेल. बेरियमची तपासणी किंवा रंगद्रव्य देऊन सीटी झालं असेल तर एक-दोन आठवडे थांबा.

क्ष-किरणतज्ज्ञ, शाहूपुरी
रिपोर्टात टी-स्कोअर बघतात, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड कुठं आहे तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये दिलेल्या सीमा आजही वापरात आहेत: उणे १ आणि त्याच्या वर ठीक, उणे १ ते उणे २.५ या दरम्यान घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांना मात्र झेड-स्कोअर लावतात, त्यात तुलना आपल्याच वयाच्या लोकांशी असते.

कागदावर आकडे खूप असतात आणि लोक नेमका सगळ्यात वाईट आकडा धरून घाबरतात. खुब्यातल्या ‘वॉर्ड’ नावाच्या भागाचा आकडा बहुधा खाली असतो, त्यावर निदान करत नाहीत. कुठल्या एकाच मणक्याच्या आकड्यावरही नाही. कंबरेच्या एल १ ते एल ४ या चार मणक्यांचा एकत्रित आकडा, खुब्याची मान आणि पूर्ण खुबा, यांतला सगळ्यात कमी तो धरायचा.

उलटी फसगत जास्त धोक्याची वाटते. उतारवयात मणक्यांना वाढलेली हाडं, दबलेला मणका, पोटातल्या महारोहिणीत (मुख्य रक्तवाहिनीत) साठलेला चुना यांमुळे आकडा खोटा वर जातो. कागद ‘नॉर्मल’ म्हणतो आणि हाड पोकळच असतं. म्हणून चित्र बघणं भाग आहे. एखादा मणका शेजारच्यापेक्षा १ टी-स्कोअरहून जास्त वेगळा असेल तर तो वगळतात. किमान दोन मणके उरले नाहीत तर मनगट मोजतात. आणि साध्या पडण्यानं खुबा मोडला असेल तर आकडा काहीही असो, हाड ठिसूळ धरूनच उपचार व्हायला हवेत.

आशा सेविका, करवीर तालुका
तालमीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर लागतं, टाचेला जेल लावून मशीन आकडा देतं. ती अल्ट्रासाऊंड आहे, डेक्सा नव्हे. वर सांगितलेल्या टी-स्कोअरच्या सीमा तिला लागू होत नाहीत. आकडा कमी आला तर डेक्सा करायची, लगेच गोळ्या सुरू करायच्या नाहीत. चांगला आला म्हणून पाळी लवकर गेलेल्या, पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेल्या किंवा तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेल्या बाईनं निर्धास्त राहायचं नाही.

फिजिओथेरपिस्ट, मंगळवार पेठ
पाठीला पोक असेल तर उशी मागून घ्या. उठताना कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठा. ठिसूळ मणक्याला सरळ उठताना पडणारा बाक सोसत नाही. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटीमीटरनं घटली असेल तर ते आधी सांगा, मणका दबल्याची शंका घेऊन बाजूनंही चित्र काढतात.

एक्स-रे तंत्रज्ञ, राजारामपुरी
पुन्हा तपासणीचं राहिलं. साधारण एक-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर आणि त्याच खुब्यावर. होलॉजिक आणि ल्युनार या दोन बनावटींच्या मशीनचे आकडे थेट जुळत नाहीत. तुलना टी-स्कोअरची नाही, ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये दिलेल्या घनतेच्या आकड्याची करायची, आणि यंत्राच्या नेहमीच्या चुकीइतका फरक हा फरकच नव्हे. तेव्हा जुना कागद चित्रासकट आणा. डावा की उजवा खुबा घेतला ते त्यावर लिहिलेलं नसेल तर काउंटरवरून हलण्याआधी लिहून घ्या.