विडी नाही, मिश्री नाही, तरी आईला सीओपीडी?

पाटोदेकर:
आई ६३ वर्षांची, गावी असते. दोन हिवाळे झाले, खोकला आणि सकाळी बेडका जात नाही; आता शेतातून येतानाही धापा टाकते. बीडच्या छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची तपासणी केली. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं तरी रेशो (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा) ०.५८, म्हणाले ०.७० च्या खाली म्हणजे सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मी म्हटलं, हिने कधी मिश्रीही लावली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "चूल किती वर्षं?"
लग्न झाल्यापासून. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. सैपाकघराला एक झरोका. गॅस आलाय, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच.
भावकी म्हणते पंपाची, म्हणजे औषध श्वासातून ओढायच्या यंत्राची, सवय लागते. आईने रोटाकॅप (त्या यंत्रात घालायच्या पावडरच्या कॅप्सूल) ट्रंकेत ठेवून दिल्यात. कसं समजावू?

श्वासफिजिओ:
सवय वगैरे काही लागत नाही. बंद केल्यावर जो दम लागतो तो आजाराचा. उलट पंपाचं औषध मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनळीत जातं. गोळी आधी सगळ्या अंगात फिरते.
आणि दादा, ती कॅप्सूल गिळायची नसते! हसू नका, गिळणारे आम्हाला नेहमी भेटतात. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, पावडर दमट होते. मग तोंडात धरून जोरात, खोल ओढायचं, दहा सेकंद रोखायचं. कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर पुन्हा ओढायचं. स्टेरॉइडवाली असेल तर नंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंड येतं.

माणदेशी_सून:
चुलीच्या धुरानेही हा आजार होतो, मग औषध चालू आणि चूलही चालू, याला अर्थ नाही. आमच्या सासूबाईंना गॅसवरची भाकरी गोड लागेना. भांडण नको म्हणून चूल अंगणात नेली. धूर कमी झाला, गेला नाही. पण पाण्याला सोलर बसवला आणि पहाटेचा तासभर धूर सुटला. तुम्ही पाण्यापासून सुरुवात करा, भाकरीला हात लावू नका.

पाटोदेकर:
फुप्फुस पहिल्यासारखं होईल का?

श्वासफिजिओ:
गेलेलं परत येत नाही, पण घसरण मंदावते. रोज चालणं हवंच. दम लागला की ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा बोलताना दम लागला तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

पाटोदेकर:
संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर समोर बसवून घ्यायला लावतो. ताई, सोलर पावसाळ्यात चालतो का? आमच्याकडे लाइटचाही भरवसा नाही.