मदत हवी आहे – सिलॉजिझममधलं (विधानं देऊन निष्कर्ष विचारतात त्या प्रश्नांतलं) ‘एकतर १ किंवा २’ हे उत्तर कधी धरायचं?

भावांनो कंबाईनची (एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची) तयारी करतोय, रंकाळ्यावर बसून वेन आकृत्या काढून काढून वही भरली तरी एका ठिकाणी गाडी अडकतीया.

प्रश्नातली विधानं: सगळे पैलवान तालमीत जातात, तालमीत जाणारे काही जण शिक्षक आहेत. निष्कर्ष १: काही पैलवान शिक्षक आहेत. २: एकही पैलवान शिक्षक नाही.

मी आधी १ टिक केलेलं, मग कळलं की शिक्षकांचा गोल पैलवानांच्या गोलाला न शिवता तालमीच्या गोलात बसू शकतोय, म्हणजे १ पक्का नाही आणि २ पण नाही, मग ‘दोन्ही नाही’ का नको? उत्तरात ‘एकतर’ दिलंय. आणि ‘सगळे आहेत’ न ‘एकही नाही’ ह्या जोडीला मात्र ते चालत नाही म्हणं. लई डोकं उठलंय, कोण सोप्यात सांगंल काय?