ए विंगचा रॅम्प आणि दारावरचा ओरखडा

ए-२०१: काल रात्री मिरजेहून आमचे मेव्हणे आले, त्यांची गाडी खाली लावली होती. कुणीतरी दारावर किल्लीनं ओरखडा ओढलाय, वायपर पिरगाळलाय. पाहुण्यांसमोर मान खाली गेली. कुणी केलं ते सांगा.

बी-३०२: खाली म्हणजे कुठं दादा? ए विंगच्या रॅम्पवरच ना?

ए-२०१: अर्ध्या तासासाठी.

सी-१०४: अर्धा तास रात्री दहाला सुरू झाला तो सकाळपर्यंत चालूच होता 😀

ए-१०३: आईंना सकाळी डायलिसिसला न्यायचं होतं. व्हीलचेअर रॅम्पवरून निघेना. रिक्षावाला नि मी खुर्ची उचलून पायऱ्यांवरून उतरलो. तुमची बेल वाजवली, कुणी उठलं नाही. ओरखडा माझा नाही, आधीच सांगतो.

बी-२०४: कुणाचा का असेना, बरं झालं. हीच भाषा कळते.

बी-४०१ काकू: बरं कसं झालं ओ? रॅम्पवर गाडी लावणं चूकच, त्यात वाद नाही. पण ओरखडा ओढणाऱ्याला आईंचा एवढा कळवळा होता, तर खुर्चीला हात लावायला का नाही आला? आणि हे आजचं नाही. माझ्या स्कूटीवर ओल्या सतरंज्या वाळत पडतात. आपली गाडी निघेना म्हणून दुसऱ्याची बाईक हँडल लॉक असताना फरफटत सरकवायची, आरसा मोडला तर गुपचूप वर जायचं. पोरं बॉनेटवर बसतात आणि आईबाप गॅलरीतून कौतुकानं बघतात.
२०१९ चा पूर आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. गावभागातली, कर्नाळ रोडची अनोळखी माणसं आपल्या आवारात गाड्या लावून गेली. किल्ल्या वॉचमनच्या टेबलावर डब्यात. पाणी उतरेपर्यंत एका गाडीला कुणी बोट लावलं नाही. आणि लावणाऱ्यांनीही मागून येणाऱ्याला वाट ठेवली होती. आता शेजाऱ्याचीच गाडी दिसली की हात शिवशिवतात!

सी-३०३: उद्या पाणी किती वाजता?

बी-४०१ काकू: येईल तेव्हा येईल. आधी हे मिटू दे.

ए-२०१: काकू, माझी स्टिल्टमधली, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधली जागा मी बिल्डरला पैसे मोजून घेतलीय. तिथं सी विंगची दुसरी गाडी उभी असते. मग पाहुण्यांनी लावायची कुठं?

सेक्रेटरी: आपली बिल्डिंग रेराच्या, म्हणजे बिल्डरांसाठीच्या नव्या कायद्याच्या आधीची. स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय. पावती जपून ठेवा, पण तिच्यावर जागा अडवता येणार नाही. सी विंगवाल्यांनाही हेच लागू.

सी-२०२: आमची दुसरी गाडी कधीतरीच असते.

बी-३०२: कधीतरी म्हणजे तिच्या टपावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे ओ.

बी-२०४: ट्रॅफिकची क्रेन बोलवा, एकदा उचलली की सरळ होतील.

सेक्रेटरी: मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सार्वजनिक जागेसाठी आहे. गेटबाहेर वाट अडवली तर बोलवू. आवारातलं आपणच बघायचं. ओरखड्याची मात्र पोलिसांत तक्रार होऊ शकते, न्याय संहितेचं कलम ३२४. ज्यानं केलं त्यानं आज संध्याकाळपर्यंत मला एकट्याला फोन करावा. रॅम्पचा कॅमेरा बंद आहे. दुरुस्तीच्या वर्गणीला इथं फक्त अंगठे आले, पैसे नाहीत.

ए-१०३: मला तक्रार नको, रॅम्प मोकळा हवा. दर मंगळवार, शुक्रवार सकाळी सहा.

सेक्रेटरी: रॅम्पवर आजच साखळी लावतो, किल्ली ए-१०३ कडे. जागा कमी, गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप, असं सोसायटीच्या उपविधीत आहे. रविवारी साडेदहाला स्टिल्टमध्येच बसू. गाडीच्या आरसीची झेरॉक्स आणा.

सी-२०२: एक गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, चालेल?

सेक्रेटरी: सासऱ्यांना चिठ्ठी नाही.