मदत हवी आहे : उन्हात पेटीबाहेर लटकणाऱ्या मधमाश्या आणि आक्रसत चाललेला पिलावा

नमस्कार.

उष्णता, उपासमार आणि विषारी फवारणी अशा ताणांपासून मधमाश्यांची वसाहत स्वतःचा बचाव कसा करते, याविषयी मी जमेल तेवढे वाचले आहे. परंतु त्या बचावात माणसाने कोठवर हात घालावा हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

परिस्थिती अशी आहे. ऊन चढले की पेटीच्या दाराखाली माश्यांचा घोस लटकू लागतो आणि अंधार पडल्यावरही तो बराच वेळ तसाच राहतो. दारातल्या फळीवर काही कामकरी माश्या पाय रोवून, तोंड बाहेर आणि पोट दाराकडे करून, जागच्या जागी पंख हलवत असतात. पाण्यावर जाणाऱ्या माश्यांची ये-जा दुपारी फार वाढते. याच सुमारास फुलोराही ओसरला आहे. मागच्या तपासणीत पिलाव्याची, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष असलेली, चौकट उचलून पाहिली, तेव्हा मधोमध कोषांच्या, मेणाने बंद केलेल्या कोठड्यांचा पट्टा होता, त्याच्या कडेच्या मोठ्या अळ्या गुबगुबीत होत्या, पण लहान अळ्या जिथे असायला हव्यात त्या कोठड्या बहुतेक रिकाम्या होत्या. अंडी मात्र दिसली, म्हणजे राणी आहे आणि ती अंडी घालत आहे.

माझे प्रश्न असे : बाहेर लटकणे हे संकटाचे लक्षण समजावे की बचावाचे? लहान अळ्या उष्णतेने गेल्या असतील की उपासमारीने? आणि जवळच्या पिकांवर फवारणी होणार असेल, तर अशा आधीच दमलेल्या वसाहतीला कितपत धोका आहे?

पहिला प्रतिसाद

नमस्कार. आपण केलेले वर्णन नेमके असल्यामुळे उत्तर देणे सोपे जाते.

तोंड बाहेर करून वारा घालणे ही सातेरी माशीची, म्हणजे आपल्याकडच्या देशी पाळीव मधमाशीची, खूण आहे. ती बाहेरची हवा आत ढकलते. युरोपीय माशी याच्या उलट, दाराकडे तोंड करून आतली गरम हवा बाहेर काढते. दोघींचा हेतू एकच. पिलाव्याच्या भागाचे तापमान ३४ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे, कारण कोषावस्थेतल्या माशीला थोडासा फरकही सोसत नाही. युरोपीय माशीवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की ३२ अंशांत वाढलेल्या माश्या वरून धडधाकट दिसल्या तरी शिकण्यात आणि नाचून दिशा सांगण्यात ३६ अंशांत वाढलेल्या माश्यांहून कमी पडतात. थंडीत हेच तापमान राखण्यासाठी त्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात आणि उन्हात पाण्याचा आधार घेतात.

पाण्याची व्यवस्था विलक्षण आहे. आणलेले पाणी घरातल्या माश्या कोठड्यांच्या कडांवर बारीक थेंबांच्या रूपाने पसरतात, वारा घालणाऱ्या माश्या त्याची वाफ करतात आणि त्यातून पोळे थंड होते. मधमाश्यांचे जर्मन अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी इटलीत सालेर्नोजवळ लाव्हाच्या मैदानावर भर उन्हात एक पोळे ठेवले होते. बाहेर सुमारे ७० अंश तापमान असतानाही, पाणी मिळत असेतोवर आतले तापमान सुमारे ३५ अंशांवरच राहिले. पाण्याची निकड बाहेरच्या माश्यांना कशी कळते, हेही त्यांनीच दाखवले : घरात उष्मा वाढला की पाणी घेऊन आलेल्या माशीचे ओझे चटकन उतरवून घेतले जाते, आणि निकड संपली की तिला कोणी घेईना म्हणून ताटकळावे लागते. तेवढ्यावरून ती पुढच्या फेरीचा निर्णय करते.

तेव्हा घोस लटकणे हे मुळात बचावाचे लक्षण आहे. बाहेर आलेल्या माश्या आपल्या अंगची उष्णता बाहेर नेतात आणि चौकटींमधून हवेला वाट मोकळी करून देतात. त्यांना धूर देऊन किंवा पाणी मारून आत ढकलू नये. मात्र पहाटेच्या गारव्यातही घोस तसाच असेल, तर दाटी झाली आहे का आणि राणीच्या कोठड्या (वसाहत फुटून थवा निघण्याची खूण) बांधल्या जात आहेत का, ते पाहावे. पेटीवर दुपारची सावली करावी, दार पूर्ण उघडे ठेवावे आणि भर दुपारी पेटी उघडू नये, कारण चाळिशीच्या पुढे मेण मऊ पडते आणि मधाने जड झालेले नवे पोळे उचलताना तुटते. पाण्याच्या भांड्यात माश्यांना उभे राहता येईल असे खडे टाकावेत आणि ते भांडे कधीही कोरडे पडू देऊ नये.

प्रश्नकर्त्याकडून

मनापासून आभार. घोसाबद्दलची काळजी मिटली. परंतु रिकाम्या कोठड्यांचे मला अधिक वाटते. फळीवर किंवा पेटीखाली मेलेल्या अळ्या आढळल्या नाहीत, आणि पिलाव्याच्या चौकटीत परागाच्या कोठड्याही अगदी थोड्या उरल्या आहेत.

दुसरा प्रतिसाद

आपण दिलेल्या या दोन तपशिलांवरून कारण उपासमारीचे, त्यातही परागाच्या टंचाईचे दिसते. पराग कमी पडला की दाई माश्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या कामकरी माश्या, सर्वांत लहान अळ्या खाऊन टाकतात आणि त्यातून मिळालेली प्रथिने मोठ्या अळ्यांना भरवतात. म्हणूनच अंडी आहेत, मोठ्या अळ्या गुबगुबीत आहेत आणि मधली पिढी गायब आहे. हे वाचायला क्रूर वाटते, पण ज्या अळ्यांवर सर्वांत कमी अन्न खर्च झाले आहे त्यांच्यावर पाणी सोडून जवळजवळ तयार झालेली पिढी वाचवणे हा वसाहतीचा बचावच आहे. मला खरी चिंता वाटते ती पुढची. उन्हाशी झुंजायला आज ज्या माश्या पाणी वाहत आहेत, त्यांची जागा घेणारी पिढी या रिकाम्या कोठड्यांतून येणार नाही.

फवारणीचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. २००६ मध्ये युरोपीय मधमाशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा विष निष्प्रभ करणाऱ्या पी-४५० कुलातील जनुके तिच्यात अवघी ४६ आढळली. फळमाशीत ती ८० हून अधिक आहेत. शिवाय ही थोडकी यंत्रणा जोमाने चालू करणारे पी-कौमारिक आम्ल परागात असते आणि साखरेच्या पाकात ते मुळीच नसते. त्यामुळे परागावाचून राहिलेली माशी विषापुढे अधिक दुबळी ठरते. काही बुरशीनाशके याच यंत्रणेला अडवतात आणि त्यांच्यासोबत मारलेले कीटकनाशक एरवीपेक्षा कितीतरी जहाल बनते. म्हणून फवारणी करणाऱ्याला नुसते ‘कीटकनाशक आहे का’ एवढे न विचारता टाकीत काय काय मिसळले आहे ते विचारावे, आणि माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारणी करण्याची विनंती करावी. फवारणीच्या भीतीने भर उन्हात दार बंद करू नये. हवा आणि पाणी तोडले तर वसाहत काही वेळात गुदमरून मरू शकते.

सातेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तातडीची आहे. ही माशी टंचाईत तग धरून बसण्याऐवजी घर सोडून जाते. निघण्यापूर्वी पिलावा कमी होत जातो, साठवलेला मध संपवला जातो आणि उरलेला पिलावा बाहेर पडेपर्यंत ती थांबते. म्हणून उद्या सकाळी पेटी न उघडता दाराशी शांतपणे बसावे आणि परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे पाहावे. परागाचे गोळे येत असतील, तर संध्याकाळी थोडा थोडा पाक आतल्या भांड्यात द्यावा, बाहेर सांडू देऊ नये, म्हणजे दुसऱ्या वसाहतींच्या माश्यांकडून लुटालूट होणार नाही, आणि माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यावीत. पराग अजिबात येत नसेल, तर नुसत्या पाकावर ही वसाहत थांबणार नाही. बंद कोठड्यांतला पिलावा बाहेर पडण्याआधी, रात्री, हवा खेळती ठेवून पेटी फुलोरा असलेल्या जागी हलवावी.