फर्मेंटेशन सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर कपाटात ठेवा, माझं ठाम मत

मेलबर्नकर: मित्राने घरी बिअर लावलीये, 1.7 किलोचा माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आणलेल्या धान्याचा घट्ट गोड पाक) डबा, 1 किलो डेक्स्ट्रोज (एक साखर) आणि पाणी घालून 23 लिटर. आता रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) 5 ब्रिक्सवर, म्हणजे 5 टक्के साखरेवर अडकलाय, तक्त्यात ती ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, यीस्ट साखर खातं तशी उतरते) 1.020 दिसते, म्हणून हा म्हणतोय यीस्ट मेलं, अजून एक पाकीट टाकतो. अरे यीस्टला काही झालेलं नाही! अल्कोहोलमुळे प्रकाश वाकायचं गणित बदलतं आणि रिफ्रॅक्टोमीटरला ते अल्कोहोलही साखरच वाटतं. सुरुवातीला 10 ब्रिक्स होतं, तो हिशोब लावून दुरुस्ती केली की खरी ग्रॅव्हिटी 1.008-1.009 येते, म्हणजे बिअर जवळपास झालेली आहे. यापुढे फक्त हायड्रोमीटर, म्हणजे सॅम्पलमध्ये तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी काचेची नळी.

हॉप्सप्रेमी: नाही पटलं. हायड्रोमीटर काय धुतल्या तांदळासारखा आहे का? त्यावर 20 अंश छापलेलं असतं, म्हणजे तेवढ्या तापमानालाच तो बरोबर, आणि लोक उन्हाळ्यात 30 अंशाचं सॅम्पल घेतात, तिथेच 2-3 पॉइंट (1 पॉइंट म्हणजे 0.001) कमी दिसतात. फसफसतं सॅम्पल घेतलं तर बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात, मग आकडा जास्त. आतली कागदी पट्टी सरकली तर विचारायलाच नको. वर दरवेळी सॅम्पलची नळीभर बिअर वाया. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, दुरुस्तीचा कॅल्क्युलेटर फोनवर आहे, मग अडचण काय?

बागायतदार_सांगली: बिअरमधलं मला कळत नाही पण हे यंत्र आमच्या रोजच्या वापरातलं. द्राक्ष 18 ब्रिक्सच्या आसपास आलं की तोडणीचं बघतो, कधी दगा दिला नाही. यंत्राला नावं ठेवू नका दादा.

मेलबर्नकर: @बागायतदार तुमच्या मण्यात अल्कोहोल नसतं ना, म्हणून तिथे ते चोख चालतं. यीस्ट टाकायच्या आधी मीही तेच वापरतो.
@हॉप्सप्रेमी तुम्ही सांगितलेले सगळे दोष खरे, पण ते घरात पकडता येतात. 20 अंशाच्या डिस्टिल्ड पाण्यात 1.000 यायला पाहिजे, 1.002 आलं तर दरवेळी 2 पॉइंट वजा करा. मग 900 ग्रॅम पाण्यात 100 ग्रॅम साखर विरघळवा, 1.040 दिसलं पाहिजे. सॅम्पल दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस घालवा, हायड्रोमीटर गोल फिरवून सोडा, डोळा पातळीला आणून वाचा. रिफ्रॅक्टोमीटर मात्र पाण्यात बरोबर शून्य दाखवतो आणि बिअरमध्ये तरीही चुकतो, आणि तुमचा कॅल्क्युलेटर सुरुवातीच्या आकड्यावर चालतो, तोच चुकला तर पुढचं सगळंच चुकलं.

काकू_ब्रूज: सुरुवातीचाच आकडा तर एक्स्ट्रॅक्टवाल्यांचा हमखास चुकतो! वरून ओतलेलं पाणी नीट मिसळत नाही, वरचं सॅम्पल पातळ, पिंपाच्या खालच्या नळातून काढलेलं सॅम्पल घट्ट, आणि मग लोक घाबरून साखर वाढवतात. डबा पूर्ण रिकामा केला आणि 23 लिटरची खूण बरोबर असली तर मेलबर्नकरांच्या मित्राचं 1.039 च्या आसपासच असणार, हिशोबावर विश्वास ठेवा.

हॉप्सप्रेमी: काकू हे मान्य. पण संपलं की नाही हे कळायला खरा आकडा लागतच नाही, 5 ब्रिक्स तीन दिवस 5 च राहिलं की संपलं.

मेलबर्नकर: संपलं की अडकलं, ते त्यातून कळत नाही. बिअर 1.009 वर थांबली तर बाटलीत भरायला हरकत नाही, 1.018 वर अडकून थांबली आणि बाटलीत परत सुरू झाली तर बाटल्या फुटतात. भरण्याआधी हायड्रोमीटर बुडवायचाच, नळीभर बिअर गेली तर जाऊ दे.