मदत हवी आहे: स्नेहसंमेलनातला 'आदिवासी डान्स' बदलायचाय, काय करू?

खडूफळा

नागपुरात मनपाच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात गोंड समाजाची पाच-सहा मुलं आहेत. त्यातल्या दोघींचे आईवडील गडचिरोलीकडून बांधकामावर आलेत, घरी गोंडीच चालते. बाकीच्यांच्या दोन पिढ्या इथेच गेल्या. आजीच्या तोंडून पडेल तेवढीच गोंडी त्यांच्या कानावर.

जानेवारीत स्नेहसंमेलन आहे आणि चौथीच्या वाट्याला 'आदिवासी नृत्य' आलंय. म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. भाड्याच्या ड्रेसवाल्याकडून बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड, कमरेला प्लास्टिकची पानं, डोक्यावर पिसं, तोंडाला काळं, आणि हू हू करत गोल फिरायचं. त्यात वरून सूचना: "तुमच्याकडे तर खऱ्या आदिवासी मुली आहेत, त्यांना पुढे घ्या." त्या दोघींपैकी एकीनं ते कापड हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाली, "मॅडम, असं कोन घालते?" आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवून दिलं.

हीच पोरगी मराठीच्या तासाला तोंड उघडत नाही. गणितात मात्र टेबलाखाली बोटांवर गोंडीत उंदी, रंड, मुंद, नालुंग (एक, दोन, तीन, चार) मोजते आणि उत्तर बरोबर आणते. वाटीत चिंचोके ठेवून सगळ्या वर्गाला तसं मोजायला लावलं, तर त्या दिवशी ती मास्तरीणच झाली. पोट्ट्यांना मजा आली. अशा गोष्टी अजून काय करता येतील?

दुसरी अडचण पालकांची. एकीची आई म्हणते, शिकवा, चांगलं आहे. दुसरीकडे एक वडील स्पष्ट म्हणाले, "शाळेत कशाला सांगायचं? उद्या पोरं चिडवतील." त्यांचंही चूक म्हणवत नाही. नागपुरात जमातीचा दाखला आणि पडताळणी म्हटलं की लोक आधीच बिचकतात. मग मुलांवर बोट न ठेवता त्यांची संस्कृती वर्गात आणायची कशी?

कार्यक्रम रद्द करा असं माझं म्हणणं नाही. मुलांना नाचायचंय, नाचू दे. फक्त ते सोंग नको.

महालकर

जय सेवा मॅडम. मी गोंड, जन्म नागपूरचा. लहानपणी आम्हालाही ती पिसं लावली होती, फोटो अजून आहे, घरात कोणी लावत नाही.

रेला हा आमचा नाच बसवा. गडचिरोलीकडच्या मुली आहेत म्हणता, तर त्यांच्या आयांना येतच असेल. हातात हात घालून रांग, ढोलाचा ठेका, गाणं स्वतःच म्हणायचं, डीजे नको. लुगडं कसं नेसायचं तेही त्यांनाच विचारा. पण त्या दोन मुली पुढे आणि बाकीचे मागे असं करू नका. अख्खा वर्ग एका रांगेत. चिडवायला मग उरतं कोण?

आणि सगळ्या आदिवासींची खिचडी करू नका. भामरागडचे माडिया वेगळे, मेळघाटचे कोरकू वेगळे. कोरकू भाषेचं तर गोंडीशी घराणंही एक नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नागपुरातल्या महाल भागातच आहे. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास, राजापूर बारसा नावाच्या बारा वस्त्या एकत्र करून. गोंड राजाचा किल्ला महालातच आहे. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तो बख्त बुलंदनंतरचा राजा चांद सुलतान, त्याच्या काळचा. भोसले नंतर आले. परिसर अभ्यासात 'आपले शहर' घ्या आणि सगळा वर्ग चालत न्या. कोणाची जमात विचारायची गरजच नाही. सगळे नागपूरकरच ना बाप्पा?

साधा_माणूस

शाळेत जातपात कशाला आणता? सगळी मुलं सारखीच.

निवृत्त_गुरुजी

सारखी आहेत, म्हणूनच पिसं एकालाच का? असो.

ताई, वर्गात गोंडी वापरायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ मध्ये शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा असंच लिहिलंय. राज्यघटनेचं कलम ३५०-क प्राथमिक शाळेबद्दल तेच सांगतं. कुरकुर झालीच तर कागद दाखवा. मात्र गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत नाही, त्यामुळे सरकारी पुस्तकांची फार आशा धरू नका. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ ला स्वतःच गोंडी शाळा काढली ती उगीच नाही.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोंडीतली गोष्टींची पुस्तकं फुकट मिळतात. बोली आपल्याकडचीच असेल असं नाही, तेव्हा आधी त्या आईकडून एक पान वाचून घ्या. आणि तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, ती दुरुस्त करेल. दोघींनाही बरं वाटेल.

इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबूराव शेडमाके चौथीच्या पोरांना सांगण्याजोगे आहेत. १८५८ मध्ये चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. ऑक्टोबरची २१ तारीख, फळ्यावर दिनविशेष लिहिताच ना?

खडूफळा

धन्यवाद सगळ्यांना. महालकर दादा, 'आपले शहर' एकदम पटलं, त्या वडिलांनाही चालेल असं वाटतं. किल्ला आतून बघता येतो का, की बाहेरूनच दाखवायचा?

रेल्याचं त्या आईला विचारलं. आधी लाजल्या, मग म्हणाल्या, रविवारी सुट्टी असते, येते. आता अडलंय ढोलावर. ड्रेसवाल्याला ॲडव्हान्स दिलाय, तो परत द्यायला तयार नाही, म्हणून शाळेकडे वेगळे पैसे नाहीत. नागपुरात कोणाकडे ढोल असेल आणि वाजवणारा दोन रविवार येऊ शकत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येण्याजाण्याचा खर्च मी देईन.